घरातला रिकामा स्टँड

१

रेडिओ घ्यायचा हे जोअ‍ॅननं ठरवलं. जोअ‍ॅन माझी मुलगी. ती हॅनकॉकला राहते, आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर. आमचं घर सुपीरियर सरोवराच्या काठी, टेकडीच्या पोटाशी आहे, आणि त्या टेकडीमुळे तिथे कुठलंच स्टेशन धड लागत नाही. वाऱ्याबरोबर काहीतरी अर्धवट येतं, बाकी नुसती खरखर. मला त्या खरखरीची सवय होती. पण माझी बायको सायमा अर्धांगाच्या झटक्यानंतर दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून असायची, आणि जोअ‍ॅनचं म्हणणं असं की आईच्या कानावर माणसाचा आवाज पडायला हवा.

"तू दिवसाकाठी चार शब्द बोलतोस, बाबा," ती म्हणाली. "त्यातला एक 'हं' आणि दुसरा 'बघू'."

ते खरंच होतं.

हॅनकॉकला रेडिओच्या दुकानात वेन नावाचा मुलगा होता. मुलगा म्हणजे चाळिशीचा, पण त्याच्या बापाबरोबर मी लाकूडतोडीला होतो, म्हणून मला तो मुलगाच. त्यानं उपग्रहावरून चालणाऱ्या रेडिओची माहिती दिली. त्याला टेकडी आडवी येत नाही, आकाश मोकळं असलं की पुरे. दोन कंपन्या होत्या. एकीकडे बेसबॉलचे सामने जास्त, दुसरीकडे गाणी जास्त, अ‍ॅकॉर्डियनच्या जुन्या नाचगाण्यांचं तर वेगळं चॅनलच. ते ऐकून आम्ही दुसरी घेतली. सायमा एके काळी नाचात कोणाला ऐकायची नाही.

"आता मुद्द्याचं बोलू," वेन म्हणाला. "रेडिओ कुठे कुठे हवा?"

"गाडीत, घरी आणि बोटीवर," जोअ‍ॅननं सांगितलं.

त्याचे दोन मार्ग होते. तिन्ही ठिकाणी वेगळा संच बसवायचा आणि प्रत्येकाची वर्गणी वेगळी भरायची. नाहीतर तळहाताएवढा एकच संच घ्यायचा आणि तिन्हीकडे नुसता स्टँड लावायचा. स्टँडमध्ये संच खट्‌कन बसतो. निघताना काढायचा, खिशात टाकायचा, पुढच्या जागी बसवायचा. रिकामा स्टँड नुसता प्लास्टिकचा तुकडा.

"तुम्ही जिथे, तिथे रेडिओ," वेन म्हणाला. "फक्त एक सांगा, आर्वो. तुम्ही पाण्यावर असता तेव्हा घरी ऐकणारं कोणी असतं का? असेल तर एका संचावर भागणार नाही."

जोअ‍ॅन माझ्याकडे बघत होती. पाण्यावर जाताना मी सायमाला एल्माकडे, आमच्या शेजारणीकडे, पोचवून जातो असं मी तिला सांगितलं होतं. तसं मी कधीच करत नव्हतो. सायमाला गाडीत बसवायचं म्हणजे अर्धी सकाळ जाते, तिचाही जीव जातो. आणि जोअ‍ॅननं मला बजावून ठेवलं होतं, "आईला एकटीला ठेवलंस असं मला एकदा जरी कळलं ना बाबा, तर मी तिला इथल्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये आणीन. मग रडू नकोस."

"नाही," मी वेनला म्हणालो. "तेव्हा घरी कोणी नसतं."

"मग एकच पुष्कळ झाला," वेन म्हणाला, आणि खोकं बांधायला लागला.

२

सकाळी मी ओंडके घालून शेगडी पेटवायचो, सायमाला उठवायचो, तिचं तोंड धुवायचो. कॉफी आणि वेलचीचा पाव. पाव कॉफीत बुडवून तिच्या डाव्या हातात द्यायचा, उजवा हात गेलेला. रेडिओ स्वयंपाकघरातल्या स्टँडमध्ये अ‍ॅकॉर्डियन वाजवत असायचा. सायमाचं डोकं लख्ख होतं, बोलणं मात्र जड झालं होतं. एक वाक्य तोंडातून बाहेर काढायला तिला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मी दुसरीकडे बघायला लागायचो. तिच्या ते लक्षात यायचं.

ऊन वर आलं की मला ती खोली सोसत नसे. मासे हवे होते असं नाही, फ्रीझर झाकण लागेना इतका भरला होता. पण मी म्हणायचो, "जरा मासे घेऊन येतो." आणि संच स्टँडमधून काढून खिशात टाकायचो.

आमच्याकडे, म्हणजे आमच्या फिनिश लोकांत, घराला कुलूप लावत नाहीत. घरी कोणी नसलं की अंगणातला खराटा दाराला तिरका टेकवून ठेवायचा. तो दिसला की येणारा समजतो, घर रिकामं आहे, आणि पायरीवरूनच परत फिरतो. आत पाऊल टाकत नाही. माझ्या आईच्या घरी असं होतं आणि तिच्या आईच्या घरीही.

मी बोटीवर जाताना खराटा टेकवायला लागलो. सायमा आत असताना. नाहीतर एल्मा कालवणाचं भांडं घेऊन आली असती, तिला सायमा एकटी दिसली असती, आणि दिवस मावळायच्या आत जोअ‍ॅनला फोन गेला असता. एल्मा मनानं सोन्यासारखी आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही.

पहिल्या दिवशी खराट्याची काठी दाराला लागल्याचा आवाज सायमानं आतून ऐकला.

"आर्वो," तिनं हाक मारली. मी दार किलकिलं केलं. "खराटा ठेवलास?"

"हं."

ती शब्द जुळवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी घरात नाही तर."

ती थट्टा करत होती. मी हसलो, दार लावलं, आणि धक्क्याकडे जाताना पावलं भरभर टाकली.

३

त्या दिवशी पाणी अगदी निवांत होतं. इंजिन बंद करून मी गळ सोडले होते. बोटीच्या स्टँडमध्ये रेडिओ वाजत होता. एक नाचाचं गाणं संपलं. गाणं संपलं की रेडिओवरचा माणूस बोलतो, गाण्याचं नाव सांगतो. तो बोलला नाही.

आवाज गेला असंही नव्हतं. उघड्या हवेतली शांतता आणि बंद खोलीतली शांतता वेगळी असते. रेडिओतून खोलीतली शांतता येत होती.

मग आमच्या शेगडीचं दार वाजलं.

लोखंडी शेगडी सगळ्यांकडेच असते. पण आमच्या शेगडीच्या दाराची खालची बिजागरी झिजलेली आहे. ते थोडं उचलून ओढावं लागतं. आधी कुरकुरतं, मग धप्प बसतं. तो आवाज मी इतकी वर्षं ऐकला आहे की झोपेतही ओळखेन. कुरकुर, मग लाकूड आत सरकवल्याचा आवाज, मग धप्प. आणि लगेच तिथला माणूस बोलायला लागला, वाक्याच्या मधूनच.

मी स्वतःची समजूत घातली. हा संच वाजलेलं काही वेळ आठवणीत ठेवतो, बटण दाबलं की मागचं पुन्हा ऐकवतो, हे वेननं दाखवलं होतं. तसं काहीतरी झालं असेल. पण आठवणीत ठेवतो तो रेडिओवर वाजलेलं. आमची शेगडी रेडिओवर कधी वाजली?

घरी आलो. खराटा जागेवर होता. आत ऊब होती. शेगडीत नवं लाकूड नुकतं पेटलं होतं, सालीच्या बाजूनं अजून काळं पडलं नव्हतं. सायमाला खुर्चीतून उठता येत नाही.

"शेगडीत कोणी घातलं हे?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"तूच," ती म्हणाली.

निघताना घातलं असेल, मी मनात म्हटलं. माणूस विसरतो.

४

सामान आणायला हॅनकॉकला गेलो तेव्हा वेनच्या दुकानात डोकावलो. संच त्याच्यापुढे ठेवला.

"हा घरातलं ऐकवतो का?"

"कोणाच्या घरातलं?"

"माझ्या."

वेननं संच उलटासुलटा केला. "आर्वो, हा वरून येणारं घेतो. याला कान नाहीत, तोंड आहे फक्त. माझ्या सासूसारखं." तो आपल्याच विनोदावर हसला. मग माझं तोंड बघून थांबला. "काय ऐकू आलं?"

"शेगडी."

"एकटे असता ना पाण्यावर. एकट्या माणसाला काहीही ऐकू येतं. बाबा सांगायचे, जंगलात त्यांना कॉफी उकळताना ऐकू यायची."

त्याच्या बाबाला दारूही लागायची. संच घेऊन गाडीत बसलो, स्टँडमध्ये खट्‌कन बसवला, निघालो. घराच्या दाराला खराटा होताच. सायमाला सांगून आलो होतो, लगेच येतो म्हणून.

गाव मागे पडलं आणि रेडिओत पुन्हा ती खोली आली. गाणं मधेच विरलं आणि खोली आली. कॉफी कपात ओतल्याचा आवाज. एक कप, मग दुसरा. खुर्ची ओढल्याचा आवाज. आणि सायमा हसली.

झटका आल्यापासून ती हसली नव्हती. ओठांचा एक कोपरा हलायचा, तेवढंच. हे तिचं जुनं हसणं होतं, घशातून सुरू होऊन वर चढत जाणारं, जे ऐकून मी तिला पहिल्यांदा वळून बघितलं होतं.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कोणीही घराकडे गाडी पळवली असती. घरात परका माणूस आहे, बायको खुर्चीला खिळलेली आहे, कोणीही धावत सुटला असता. मी इंजिन बंद केलं, म्हणजे नीट ऐकू येईल. तिथे झाडाखाली बसून राहिलो आणि ऐकत राहिलो. आणि मला बरं वाटलं. मला वाटलं, चला, तिच्याजवळ कोणीतरी आहे. म्हणजे मला घाई नाही.

हे लिहितानाही माझी मान वर होत नाही.

५

त्या उन्हाळ्यात मी पाण्यावर जास्त जास्त वेळ राहायला लागलो. आधी दुपारी परतायचो, मग ऊन उतरताना. गळ टाकणंही सोडलं. संच स्टँडमध्ये बसवायचा आणि गाणं विरण्याची वाट बघायची.

त्या खोलीत एक पुरुष होता. हळू बोलायचा, खालच्या आवाजात, शब्द कळत नसत. सायमाचे कळायचे. ती त्याच्याशी जड बोलत नसे. भरभर बोलायची, मधेच चिडवायची, पूर्वीसारखी. घरी आलो की पुन्हा तिची जीभ जड झालेली असे.

ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले असत.

"कोणी आलं होतं?" मी एकदा विचारलं.

"खराटा होता ना दाराला," सायमा म्हणाली. "कोण येईल?"

मग एल्मा भेटली. मी पत्रपेटीपाशी उभा होतो, ती तिची गाडी चालवत आली आणि काच खाली करून ओरडलीच.

"ए आर्वो! लबाडा! माझं कालवण आवडत नाही तर तोंडावर सांग ना!"

"काय झालं?"

"काय झालं म्हणे. परवा दुधातलं माशाचं कालवण करून आणलं तुमच्यासाठी. बघते तर दाराला खराटा. फिरले मागे. आणि जाता जाता खिडकीत बघते तर तू आत!"

"मी पाण्यावर होतो, एल्मा."

"हो का? मग तुझा शर्ट घालून कोण होतं, तुझं भूत? तो लाल चौकड्यांचा, कोपराला ठिगळ असलेला. ते मीच लावून दिलंय." मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "सायमाचे केस विंचरत होतास. ते बघून मी काही बोलले नाही. म्हटलं, असू दे, दोघांना एकटं राहायचं असेल. माझा नवरा जगला असता तर त्यानं केलं असतं का असं, कोण जाणे. भला माणूस आहेस तू, आर्वो."

ती गेली. मी पत्रपेटीला हात टेकून उभा राहिलो. अंगात तोच शर्ट होता. परवाही पाण्यावर मी तोच घालून गेलो होतो.

सायमाचे केस मी कधी विंचरले नव्हते. सकाळी ओल्या हातानं मागे सारायचो, बस. रोज संध्याकाळी तिची वेणी घातलेली असायची, आणि ती कोण घालतं हे मी कधी मनात येऊच दिलं नव्हतं.

६

मी ठरवलं, आता घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. खराटा कोठारात नेऊन ठेवला. संच स्वयंपाकघरातल्या स्टँडमध्ये बसवून टाकला.

सायमासमोर खुर्ची घेऊन बसलो. कंगवा घेतला. माझी बोटं जाडी, गुंता ओढला गेला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे," ती म्हणाली. मी बोलायचा प्रयत्न केला. हवेबद्दल बोललो, एल्माबद्दल बोललो, मग बोलणं संपलं. ती माझ्याकडे सौजन्यानं बघत होती, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

"मासे... नाही आणायचे?" तिनं विचारलं.

"नकोत."

"हवा चांगली आहे."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "जा ना, आर्वो." तिच्या आवाजात लहान मुलासारखी विनवणी होती.

मला राग आला. राग आला म्हणजे काय, आतून काहीतरी तुटलं आणि त्याला मी राग म्हटलं. संच काढला, खिशात टाकला आणि निघालो. खराटा मात्र ठेवला नाही. मनात म्हटलं, बघू तो येतो का.

पाण्यावर दिवसभर गाणी वाजली. गाणं संपलं की तिथला माणूस बोलायचा, पुढचं गाणं लागायचं. एकदाही खोली आली नाही. संपलं, मी म्हटलं. माझ्या डोक्याचेच खेळ होते. उन्हात पाठ शेकत पडलो, थोडी झोपही लागली.

घरी आलो तर शेगडी विझून गार झाली होती. सायमा खुर्चीतून अर्धी घसरली होती. कॉफीचा कप मांडीवर पडून वाळला होता, शाल जमिनीवर होती. तिचा चांगला हात बर्फासारखा होता. मी तिला उचललं, पुसलं, कोरडं नेसवलं, आणि सगळा वेळ ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. घसा बसला होता.

शेवटी शब्द फुटले.

"हाका मारल्या," ती म्हणाली. "कोणीच नाही आलं."

उन्हाळाभर मी तिला एकटं टाकून जात होतो. पण खरी एकटी ती त्या एकाच दिवशी राहिली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठारातून खराटा आणला आणि दाराला टेकवला. सायमानं आतून तो आवाज ऐकला असणार. खिडकीतून मला तिचा चेहरा दिसला. तो चेहरा मी कोणाला सांगू शकणार नाही. नाचाच्या रात्री असायचा तसा.

धक्क्यापासून फार लांब गेलोही नव्हतो तोच गाणं विरलं. कंगवा केसांतून जाताना बारीक आवाज होतो, तो येत होता. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचे शब्द कळले, कारण माझ्याच दातांच्या फटीतून येतात तसे ते येत होते.

"दुखलं का?" माझा आवाज म्हणाला.

"नाही रे," सायमा म्हणाली. मग थोडा वेळ नुसता कंगवा. मग ती म्हणाली, "काल खराटा नव्हता, म्हणजे तो घरी असल्यासारखाच. तुला येता आलं नाही ना?"

"हं."

"तो परत आला की तुला जावं लागतं."

"हं."

"मग त्याला नको ना येऊ देऊस."

कंगवा थांबला. खोली थांबली. बोटीखाली पाणीही थांबल्यासारखं वाटलं.

"बघू," माझा आवाज म्हणाला.

मी इंजिनची दोरी ओढली. ते इंजिन कधी दगा देत नाही. त्यानं नुसता खोकला काढला. मी ओढत राहिलो, तळहात सोलले, ते खोकत राहिलं. ओल धरली असेल, असंही होतं. रेडिओत सायमा गुणगुणत होती. मी संच स्टँडमधून उपटला, आणि त्यानंतरच्या ओढीला इंजिन लागलं. त्याचा अर्थ काय, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अर्थ नसेलही.

भर दुपारचं ऊन होतं. अंगण ओलांडून दारापाशी आलो आणि थांबलो. खराटा दाराला टेकलेला होता. मीच ठेवलेला, माझ्याच घराच्या दाराला. तरी हात पुढे जाईना. खराटा असलेल्या घरात आमच्यातला माणूस पाऊल टाकत नाही, हे हाडात असतं.

मी खिडकीकडे वळलो.

सायमाचा चेहरा माझ्या बाजूला होता, डोळे मिटलेले, मान थोडी मागे. तिच्यामागे कोणीतरी उभं होतं, माझ्याकडे पाठ करून. लाल चौकडी. ठिगळ. हात हळूहळू वरून खाली येत होता. माणसाला स्वतःची मान मागून कधी दिसत नाही. तरी मी ती ओळखली.

हात थांबला. खांदा वळायला लागला.

मी त्याआधी तोंड फिरवलं. म्हातारा माणूस धावतो कसा ते स्वतः धावल्याशिवाय कळत नाही. एल्माच्या घरापर्यंत मी धावलो.

८

एल्माच्या फोनवरून मी जोअ‍ॅनला सगळं सांगितलं. म्हणजे, जे सांगता येण्यासारखं होतं ते.

"मी तुझ्या आईला एकटी ठेवतो," मी म्हणालो. "बोटीवर जातो आणि तिला एकटी ठेवतो. उन्हाळाभर. एल्माकडे कधीच पोचवलं नाही. तू तिला घेऊन जा."



"बाबा," ती म्हणाली, "तू मला दुकानात तोंडावर खोटं बोललास."

"हं."

"हं काय, हं? आई पडली असती तर?"

एल्मा माझ्या शेजारी उभी होती, तोंडावर हात ठेवून. तिनं मला खिडकीत बघितलं होतं, त्यामुळे तिला यातलं काहीच जुळत नव्हतं. ती बोलणार होती. मी मान हलवली, तशी ती गप्प बसली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा.

आम्ही दोघं घरी गेलो तेव्हा सायमा एकटी होती. वेणी अर्धी घातलेली होती.

जोअ‍ॅन येऊन तिला हॅनकॉकच्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेली. सायमा रडली नाही. गाडीत बसवताना तिनं घराकडे बघितलं, माझ्यावरून नजर पुढे नेली आणि खिडकीत काहीतरी शोधलं. जोअ‍ॅननं दार लावताना मला म्हटलं, "रोज ये. निदान एवढं तरी कर. रोज."

"येईन," मी म्हणालो. या वेळी ते मी मनापासून म्हटलं.

९

आणि मी जात होतो. रोज सकाळी संच गाडीच्या स्टँडमध्ये बसवायचो, हॅनकॉकपर्यंत अ‍ॅकॉर्डियन ऐकायचो. गाणी नीट संपायची, माणूस नीट बोलायचा. सायमाच्या पलंगाशी बसून मी तिला जेवू घालायचो. तिथल्या परिचारिकेनं मला कंगवा कसा धरायचा ते शिकवलं, टोकापासून सुरू करायचं, मुळापासून नाही. एकदा सायमानं डोळे मिटले. एकदा माझ्या बोटावर तिचं बोट ठेवलं. वाक्य काढायला तिला वेळ लागायचा आणि मी दुसरीकडे न बघता थांबायला शिकत होतो. मला वाटलं, या वयातही माणूस सुधारतो.

झाडं लाल-पिवळी व्हायला लागली. मग एक असा दिवस उजाडला की वारा नाही, ढग नाही, पाणी काचेसारखं. वर्षातला शेवटचा तसा दिवस, हे आमच्याकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. मी गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन अंगणात उभा राहिलो. उद्या जाईन की, मी म्हटलं. एक दिवस. तिच्याभोवती एवढी माणसं आहेत. सवयीनं दाराला खराटा टेकवला आणि धक्क्याकडे वळलो.

पाण्यावर इंजिन बंद केलं, गळ सोडले. रेडिओ लावला. गाणं चालू होतं, ते संपलं.

चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला.

मी पुढचं ऐकलं नाही. शपथेवर सांगतो, या वेळी मी ऐकत बसलो नाही. गळ तसेच कापून टाकले, बोट धक्क्याला नीट बांधलीही नाही. गाडी अशी हाणली की वळणावर एका हरणाला थोडक्यात चुकवलं.

नर्सिंग होमच्या दारातल्या टेबलाशी नवी मुलगी होती. मी तिला आधी बघितलं नव्हतं, तिनं मला बघितलं नव्हतं. मी नुसतं सायमाचं नाव सांगितलं. अंगाला माशांचा वास येत असणार, धाप लागली होती.

"त्या जेवताहेत," ती मुलगी म्हणाली. "त्यांचे यजमान आहेत आत. सकाळपासून आहेत. किती मायेनं भरवतात हो, आमच्या सगळ्या बायका बघून बघून जातात."

खोलीचं दार कॉरिडॉरच्या टोकाला होतं. त्याला काच होती. इथून फक्त उजेड दिसत होता, आणि सायमाचं हसणं ऐकू येत होतं, घशातून सुरू होऊन वर चढत जाणारं. मी दोन पावलं पुढे गेलो. मला आत जायला हवं होतं. आत जाऊन म्हणायला हवं होतं की हा माणूस मी आहे. आणि सायमानं आम्हा दोघांकडे बघितलं असतं, आणि तिला निवडावं लागलं असतं.

"थांबा, थांबा," मुलगी मागून म्हणाली. "जेवणाच्या वेळी घरच्यांनाच सोडतो आम्ही. तुम्ही त्यांचे कोण?"

हसणं थांबलं. आत सगळं शांत झालं, कोणीतरी कान देऊन ऐकत असावं तसं.

"शेजारी," मी म्हणालो.

आत चमचा पुन्हा वाजायला लागला.

"मग असं करा ना, रविवारी या," ती म्हणाली, अगदी प्रेमानं. माझं तोंड बघून तिला दया आली असावी. "रविवारी कोणीतरी आलेलं बरंच होईल. त्यांचे यजमान आत्ताच विचारत होते, रविवारी आलो नाही तर चालेल का म्हणून. त्यांना म्हणे जरा बोटीवर जाऊन यायचंय."

मी कॉरिडॉरच्या टोकाच्या त्या उजेडाकडे बघत राहिलो.

"येईन," मी तिला सांगितलं. "तिच्या न्याहारीच्या आधी येईन. दिवसभर थांबेन."

"आणि पुढच्या रविवारी?" तिनं हसत विचारलं.

"तो जाईल तेव्हा तेव्हा," मी म्हणालो.